कोपर बरगडीशी

दुखण्यावरच्या मलमाचा वास आला की आखातातल्या शर्क भागातलं आमचं फिजिओथेरपी क्लिनिक आठवतं आणि माझं डोकं तापतं. तिथल्याच अर्दिया भागातल्या गोदामात काम करणाऱ्या एका रत्नागिरीकराच्या हाताचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. सोबत आलेल्या मराठी मॅनेजरने त्याला तळहात उताणा करायला लावला. "वळला की! उद्यापासून खोकी उचलेल." मी त्याचं कोपर बरगडीशी दाबून धरलं आणि म्हटलं, "आता वळवा." हात जागचा हलेना, तळहात फिरवणारे कोपराखालचे स्नायू पार दुबळे पडले होते. "दुवा मागतानाही हात उताणा होत नाय, मॅडम," तो पुटपुटला. "नाटकं!" मॅनेजर हसला. "मघाशी कोपर सुटं होतं, म्हणून खांदा वळला होता, हात नाही," मी म्हटलं. "उद्या खांद्यालाच न्या कामावर. हात माझ्याकडे राहील." आजही कुणी घाईने 'फिट' म्हणालं की मी आधी पेशंटचं कोपर धरते.