कमळ आणि देव यांच्यामधला निळा

तात्यापारा या आमच्या वस्तीतल्या देवळात उजव्या भिंतीवर गजेंद्रमोक्षाचं चित्र आहे. खाली तळं, मगरीनं पाय धरलेला हत्ती, त्यानं सोंडेत उंच धरलेलं पांढरं कमळ आणि पार वरच्या कोपऱ्यात गरुडावरून येणारा विष्णू, वीतभर. मधे नुसता निळा रंग. मी टेप लावून मोजलंय: कमळापासून देवापर्यंत चार फूट दोन इंच, काहीही नाही. तळं कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, तेही कळत नाही. दुपारी समोर बसलं की आपणच त्या निळ्यात तरंगतोय असं वाटतं.

काचबिंदूनं आईची नजर चहूबाजूंनी आवळत आली आहे. नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. चित्र एका नजरेत मावत नाही, म्हणून ती त्यातून चालत जाते. मगरीपासून हत्तीच्या पायावर, तिथून सोंडेवर, कमळावर आणि मग निळ्यातून सरळ वर. देव सापडला की हात जोडते.

यंदा चित्र नव्यानं रंगवायचं ठरलं. रिकाम्या जागेत पुष्पवृष्टी करणारे देव काढू, असं पेंटर म्हणाला. आम्हा देवळाच्या समितीवाल्यांना ते पटलं. त्यानं खडूनं सहा देव आखले.

दुसऱ्या दिवशी आई कमळाशी अडकली. एका देवावरून दुसऱ्यावर, तिथून फुलांत, पुन्हा खाली.

"काहून रे, विष्णू कुठं गेला?"

"वरच आहे, आई."

"मले सापडून नाही राहिला. ही गर्दी कोणाची?"

"देवता हैं अम्मा, फूल बरसा रहे हैं," पेंटर शिडीवरून म्हणाला.

"हत्ती सुटला कुठं अजून? आधीच फुलं!"

पेंटर हसला. "खाली दीवार अच्छी नहीं लगती, अम्मा."

"रिकामी कुठं आहे, बाबा? हत्तीची हाक तिथूनच तर जाते."

संध्याकाळी मी समितीला हेच सांगितलं.

"तुझ्या आईसाठी सगळ्यांचं चित्र अडवतो का?" एकानं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "पण एकदा समोर येऊन बसा."

ते बसले. एकेकाची नजर कमळावरून वर निघाली आणि खडूच्या देवांत अडकली. मग त्यांनीच पेंटरला खडू पुसायला सांगितलं.

रंग वाळल्यावर आई आली. मगर, पाय, सोंड, कमळ. मान हळूहळू वर जाऊ लागली, मधेच थांबली, पुन्हा चढली.

"दिसला?" मी विचारलं.

"हव," ती म्हणाली. "येऊन राहिला."