म्हशीची खुशाली विचारणारी पत्रं

लढाई चालू होती तेव्हा माझा नवरा वर बर्फात होता आणि मी पेडगावला सासरी. लग्नाला दीड वर्ष झालेलं. शेजारच्या घरी टीव्ही होता, त्यावर तोफा दिसायच्या. आणि पंधरा-वीस दिवसांनी त्यांचं आंतरदेशीय यायचं, त्यात काय, तर म्हैस.

'मी मजेत आहे. म्हैस कशी आहे? तिला सरकी भिजवून देत जा. गोठ्याच्या पत्र्यावर दगड ठेव.' संपलं पत्र. मी ते उलटंपालटं करून बघायची, कडेला कुठं काही लिहिलंय का. काही नसायचं.

सासरे ओसरीवरून विचारायचे, "काय म्हनायलाय?"

"मजेत हायेत म्हनं. सरकी भिजवा म्हनायलेत."

"बरं हाय मग," म्हणून ते शेताला निघायचे. माझा मात्र जीव जळायचा.

एकदा चिडून लिहिलं, 'म्हशीचं पुरे. तुम्ही कुठं झोपता, काय खाता, भीती वाटते का, ते लिहा. नाहीतर लिहूच नका.' उत्तर आलं, 'इथं थंडी आहे. म्हैस गाभण राहिली का?'

खरं सांगायचं तर म्हैस तोवर मेली होती. साप चावला होता. सासरे म्हणाले, "त्याला कळवू नको, उगं घोर लागंल." म्हणून मीही दर पत्रात 'म्हैस बरी आहे' लिहीत गेले.

लढाई संपल्यावर ते सुट्टीवर आले. पेटी ओसरीवर ठेवली आणि थेट गोठ्यात. खुंटा रिकामा बघून त्यांना सगळं कळलं. "इतक्या पत्रांत खोटं लिवलंस?" एवढंच म्हणाले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पाय धुवायला त्यांनी बूट काढले. डाव्या पायाची तीन बोटं नव्हती. बर्फानं गेली होती. दवाखान्यात पडून लिहिलेल्या पत्रातही या माणसानं सरकीच विचारली होती.

मी तांब्या आपटला. दोन दिवस आम्ही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी शेंगा फोडत होते. ते समोर येऊन बसले आणि आपणहून सांगायला लागले. दगडाआड दोन दिवस अडकले होते. शेजारचा जोडीदार बोलता बोलता गप्प झाला, तो पुन्हा बोललाच नाही.

"कागद घेतला की हातच चालंना," ते म्हणाले. "म्हशीचं लिवताना चालायचा."

"मग हात चालंना, एवढंच लिवायचं की," मी म्हणाले आणि शेंगा फोडत राहिले. राग तेव्हा गेला नाही. आजही पुरता गेलेला नाही.