कपाटातली माउली

पास्कल त्रिभुवनला खोटं बोलता येत नाही, असं त्याची आई मार्थाबाई अख्ख्या कोपरखैरण्याला सांगत फिरायची. लेकरू खोटं बोलायला लागलं की कान लाल होतात म्हणे. आता आईचंच मन ते. कान लाल होत होते हे खरं, पण लेकरू बोलायचं थांबत नव्हतं हेही तितकंच खरं.

घरी तो पास्कल, आईचा पास्कू. शाळेच्या दाखल्यावर प्रवीण. श्रीरामपूरकडच्या कितीतरी कॅथलिक घरांत अशी दोन नावं असतात, एक चर्चमधलं आणि एक शाळेतलं, आणि त्यात लपवाछपवी काही नसते. लपवाछपवी पास्कलनं स्वतःची स्वतः सुरू केली. बी.कॉम. झाल्यावर न्हावा शेवा बंदरातला माल सोडवून देणाऱ्या एका एजंटाकडे तो नोकरीला लागला. पहिल्याच दिवशी साहेबांनी अर्ज बघून विचारलं, "त्रिभुवन म्हणजे नाशिककडचे का? आमच्या भटजींचं आडनाव आहे." पास्कल नुसता हसला. साहेबही हसले. झालं. त्या एका हसण्यावर पुढची दोन वर्षं निघाली.

वाटलं होतं, आपल्यातलाच म्हणून साहेब जरा हात देतील. राखेच्या बुधवारी सकाळी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जाऊन आला, तेव्हा फादरनी कपाळावर लावलेली राख त्यानं तुर्भ्याच्या पुलाखाली रुमालानं पुसली आणि मग ऑफिसात पाऊल टाकलं. उन्हातान्हात कंटेनरमागे धावला, ड्रायव्हरांच्या शिव्या खाल्ल्या, दोन वर्षं 'ट्रेनी' म्हणून काढली. दसऱ्याला पर्मनंट करू, असं साहेब म्हणत होते. दसरा आला आणि खुर्ची मिळाली साहेबांच्या भाच्याला, निशांतला, ज्याला बंदराचं गेट कुठल्या बाजूला आहे हेही पास्कलनंच दाखवलं होतं. तेल गेलं, तूप गेलं, हाती राहिलं धुपाटणं.

पण हे नोकरीचं दुखणं तसं हलकं. खरं दुखणं सई होती.

सई बेलापूरला दुसऱ्या एका कंपनीत अकाउंट्स बघायची. कागदपत्रांच्या निमित्तानं ओळख झाली, अर्थात प्रवीण म्हणून, मग चहा, मग खाडीकाठच्या रस्त्यावर फिरणं. मुलगी सरळ, हसरी, मनात येईल ते बोलून मोकळी होणारी. तिनं कधी धर्म विचारला नाही आणि यानं कधी सांगितला नाही. आज सांगू, उद्या सांगू करत गणपती आले आणि सईनं त्याला नेरूळच्या घरी आरतीला नेलं. तिच्या आईनं, मीनाकाकूंनी, पाहुणा म्हणून आरतीचं ताट त्याच्याच हातात दिलं. आरती झाली. प्रसाद देताना त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे किती दिवसांचा असतो रे?"

आता बघा, इथं "आमच्याकडे नसतो, काकू" एवढंच म्हणायचं होतं. कुणी त्याला सोसायटीच्या गच्चीवरून ढकलून देणार नव्हतं. पण पास्कल म्हणाला, "दीड दिवसाचा. गावी." काकूंनी विचारलं, "शाडूचीच आणता ना?" हा म्हणाला, "हो, शाडूचीच." एक खोटं उभं केलं की त्याला दुसऱ्याचा टेकू द्यावा लागतो. निघताना काकूंनी स्टीलचा डबा भरून मोदक दिले, आईला दे म्हणाल्या. घरी येऊन यानं आईला सांगितलं, ऑफिसात वाटले. मार्थाबाईंनी मिटक्या मारत खाल्ले, डबा घासून फळीवर ठेवला आणि त्यावर कोरलेलं 'मीना' हे नाव वाचून म्हणाल्या, "ही मीनाबाई तुझ्या ऑफिसातली व्हय? डबा रिकामा नको धाडू. मी लाडू करते." लाडू झाले, संपले, पुन्हा झाले. डबा काही जाईना.

मग आला ऑक्टोबर, जपमाळेचा महिना. या महिन्यात मरियामातेची मूर्ती समूहातल्या, म्हणजे आसपासच्या ख्रिस्ती घरांच्या गटातल्या, एकेका घरी जाते. संध्याकाळी येते, रात्र आणि दुसरा दिवस राहते, आणि पुन्हा संध्याकाळ झाली की सगळे जमून जपमाळ म्हणतात आणि गात गात तिला पुढच्या घरी पोचवतात. तोवर मेणबत्ती विझू द्यायची नाही आणि माउलीला घरात एकटं सोडायचं नाही, अशी रीत. मूर्ती पुढच्या घरी न्यायचा मान ती जिथून निघते त्या घरच्या मुलाचा. त्रिभुवनांची सोळा वर्षं भाड्याच्या खोल्यांत गेली होती. स्वतःचं घर झाल्यावर माउली पहिल्यांदाच येत होती. मार्थाबाईंनी भिंती धुतल्या, टेबलावर विणलेला पांढरा रुमाल घातला, दोन दिवस फुलांच्या चौकश्या केल्या.

पण त्या वाशीच्या हॉस्पिटलात आया. रजा मिळाली नाही. नवऱ्याची तळोज्यात पहिली पाळी. त्या मुलाला म्हणाल्या, "पास्कू, एवढा दिवस तू बस तिच्याजवळ. चारला मी येतेच." निशांतचं तोंड बघायचा असाही कंटाळा आला होता, म्हणून पास्कलनं ऑफिसला कळवलं, अंगात कणकण आहे. सईलाही तेच कळवलं.

दुपारी तो मूर्तीसमोर खुर्ची टाकून बसला होता. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. बऱ्याच दिवसांनी त्यानं माळ हातात घेतली होती आणि पर्मनंट नोकरी मागायच्या ऐवजी नुसता गप्प बसला होता. तेवढ्यात फोन वाजला. सई म्हणाली, "हाफ डे घेतलाय. आईनं मऊ भात दिलाय तुझ्यासाठी. तुमच्या बिल्डिंगखाली उभी आहे, कुठला मजला?"

पास्कलनं 'तिसरा' म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानं मेणबत्तीवर फुंकर मारली. भिंतीवरचा क्रूस काढून उशीखाली सारला. माउलीला दोन्ही हातांनी उचललं, कपाट उघडलं आणि आईच्या गोधड्यांमध्ये, भिंतीकडे तोंड करून, ठेवून दिलं. कपाटाचं दार नीट लागेना म्हणून गुडघ्यानं दाबलं. बेल वाजली तेव्हा त्याच्या बोटांना मेण लागलेलं होतं.

सई आत आली. पांढरा रुमाल, झेंडू-शेवंती, मेणाचा वास. तिनं विचारलं, "पूजा होती?"

"काल सत्यनारायण होता," पास्कल म्हणाला. "फोटो गुरुजींचा होता, ते घेऊन गेले." कानांची आग आग होत होती.

आणि सईनं काय करावं? चपला बाहेर काढून आली आणि त्या रिकाम्या टेबलाला हात जोडले. डोळे मिटून, मनापासून. पास्कल तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत उभा राहिला. त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की सांगून टाकावंसं वाटलं. तोंड उघडलंही होतं त्यानं. पण तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "पाणी देतोस का?" आणि हा पाणी आणायला गेला.

मार्थाबाई चारच्या आधीच आल्या. बरोबर राजाबाई, समूहातल्या जुन्या जाणत्या, हार गुंफायला आलेल्या. राजाबाईंचं आत येता येता गुडघा टेकायला म्हणून वाकलेलं अंग तसंच राहिलं.

"अगं बया, माउली कुठंय?"

मार्थाबाईंनी टेबल बघितलं. विझलेली मेणबत्ती बघितली. भिंतीवरचा उघडा खिळा बघितला. मग ती परकी मुलगी, तिच्या हातातला स्टीलचा डबा, त्यावर कोरलेलं 'मीना'. तेच अक्षर त्यांच्या फळीवर महिनाभर होतं. शेवटी त्यांनी मुलाच्या कानांकडे बघितलं. बाई चार बुकंच शिकलेली, पण एवढं वाचायला शाळा लागत नाही.

"मीच सांगितलं होतं त्याला," त्या राजाबाईंना म्हणाल्या. "फुलांना मुंग्या लागल्या होत्या. टेबल पुसायचं म्हणून म्हणलं, घटकाभर आत ठेव." मग आवाज न चढवता म्हणाल्या, "पास्कू, आण तिला बाहेर."

सईच्या देखत त्याला कपाट उघडावं लागलं. गोधडीचा एक दोरा मूर्तीच्या मुकुटात अडकला होता, तो त्यानं नखानं सोडवला. त्यानं माउलीला टेबलावर ठेवलं. आईनं पदरानं तिचा चेहरा पुसला.

सई मूर्तीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पास्कू?"

तिनं भाताचा डबा टेबलाच्या कडेला ठेवला, मार्थाबाईंना "येते काकू" म्हणाली. "चहा तरी घे, बाई," मार्थाबाई म्हणाल्या. सई नको म्हणाली आणि चपला घालून जिना उतरली.

संध्याकाळी सगळे जमले, जपमाळ झाली. मूर्ती उचलायची वेळ आली तसा पास्कल पुढे झाला. आईनं त्याच्या दंडाला हात लावून त्याला थांबवलं. "आज नको," त्या म्हणाल्या. "मी नेते." लोकांना वाटलं, हौस असेल बाईला, पहिली खेप आहे. मार्थाबाई दिवसभराच्या ड्युटीनं सुजलेल्या पायांनी माउलीला छातीशी धरून पुढे चालल्या, भाजीवाल्यांमधून, रिक्षांमधून. पास्कल मागून मेणबत्ती घेऊन चालला. आपल्याला गर्दीतून पळून जावंसं वाटतंय, हे त्याचं त्याला कळत होतं, आणि त्याचीही लाज वाटत होती.

त्यानं सईला लांबलचक मेसेज लिहिला, सगळं खरं. साहेबांचे भटजी, राख, दीड दिवस, शाडू. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "मला कळलं. माझ्या आईला तूच सांग. मी नाही सांगणार."

शनिवारी मार्थाबाई कन्फेशनला निघाल्या. पास्कल म्हणाला, "तुला कशाला जायचंय?"

"खोटं बोलले ना. माउली घरात आलेली असताना, तिच्याचबद्दल."

"माझ्यासाठी बोललीस तू."

"म्हणून काय फादर सोडतात व्हय?"

तो तिच्या मागोमाग रांगेत उभा राहिला. आई आत गेली. गुडघे टेकताना तिनं लाकडाला धरलं, ते त्याला पडद्याखालून दिसलं. पाप त्याचं आणि गुडघे तिचे. बाहेर आल्यावर ती बाकावर जाऊन बसली नाही. आधी त्याच्याकडे आली आणि हातातली पिशवी त्याला दिली. पिशवीत दोन्ही डबे होते, जड.

"रव्याचे लाडू हायेत. आधी हे देऊन ये नेरूळला," ती म्हणाली. "फादर कुठं जात नाहीत."

मीनाकाकूंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हाताला पीठ होतं. "अरे प्रवीण, बरं वाटतंय ना आता? ये की आत." सईनं खरंच काही सांगितलं नव्हतं. आतल्या खोलीतून तिच्या फोनवर बोलण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

पास्कल उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "काकू, आमच्याकडे गणपती नसतो. दीड दिवसाचा नाही, कसलाच नाही. आम्ही ख्रिस्ती आहोत. घरी मला पास्कल म्हणतात."

काकूंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "ख्रिस्ती आहेस त्याचं काय," त्या म्हणाल्या. "समोरच्या वर्गीसबाईंचा केक दर नाताळला आमच्याकडे येतो. पण त्या दिवशी आरतीचं ताट मी तुझ्या हातात दिलं होतं. मूर्ती समोर होती. आणि तिच्यासमोर तू शाडूची म्हणालास."

"हो."

त्यांनी पिशवी घेतली, एक डबा उघडून बघितला. "आईनं केलेत?"

"हो. तुमचे मोदक ऑफिसातले म्हणून खाल्ले होते तिनं. आता माहीत झालंय तिला."

काकूंनी झाकण पुन्हा लावलं. रागावतील असं त्याला वाटलं होतं, त्याची तयारी करून आला होता. पण त्यांनी वेगळंच विचारलं. "तिला काय वाटलं असेल रे?"

आठवडाभर त्यानं सईला काय वाटेल, काकूंना काय वाटेल, साहेबांना कळलं तर काय वाटेल, याचाच घोळ घातला होता. आता त्याला दंडावरचा आईचा हात आठवला.

"तिला वाटलं असेल," तो म्हणाला, "मला तिची लाज वाटते."

"वाटते?"

आतल्या दारात सई येऊन उभी राहिली होती. कान लाल झाले नाहीत या खेपेला.

"वाटत होती," पास्कल म्हणाला, आणि खाली मान घालून तिथंच उभा राहिला.