कच्ची तपासणी

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, कोपऱ्यात, एक संगणक आहे आणि त्यात चोर पकडायचं यंत्र आहे. यंत्र म्हणजे सॉफ्टवेअर. कोणी पीएच.डी.चा प्रबंध लिहिला की तो त्यात टाकायचा. जगातल्या लिखाणाशी ते ताडून पाहतं आणि किती टक्के जुळलं ते सांगतं. दहापर्यंत माफ. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. हे यंत्र माझ्या गळ्यात पडलं ते काही मी हुशार म्हणून नाही. बाकीचे प्राध्यापक पर्मनंट, त्यांना काम सांगायची छाती कोणाची? मी समाजशास्त्र शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. दरवर्षी जूनमध्ये माझा नवा आदेश निघतो, म्हणजे निघाला तर निघतो. असा माणूस कोणत्याच कामाला नाही म्हणत नाही, हे प्राचार्यांना पक्कं ठाऊक होतं.

खरी तपासणी विद्यापीठात व्हायची. पण आपल्याकडं कोणतीही गोष्ट थेट दारात नेऊन टाकायची पद्धत नाही. आधी ओळखीच्याला दाखवायची, मग न्यायची. तसे आजूबाजूच्या तालुक्यांतले लोक पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडं यायचे. सर, एकदा पाहून घ्या ना. सोबत पिशवीत तुरीच्या शेंगा, नाहीतर हरभऱ्याचा ढाळा. आम्ही त्याला कच्ची तपासणी म्हणायचो. असं खाजगीत तपासायचं नाही, असं विद्यापीठाचं परिपत्रक होतं आणि ते मीच फाइलला लावलेलं होतं. तरी मी तपासायचो. पहिल्यांदा पासष्ट-सत्तर टक्के यायचे. मग गडी रिसोडच्या बसस्टँडजवळच्या टायपिंग सेंटरवर जायचा, तिथं ‘स्त्रिया’च्या जागी ‘महिला’ अन् ‘म्हणून’च्या जागी ‘त्यामुळे’ करून घ्यायचा आणि दोन-तीन फेऱ्यांत चोरी नऊ टक्क्यांवर आणायचा. मला याची लाज वाटत नव्हती, खोटं कशाला सांगू. उलट आपण चार लोकांच्या कामी पडतो याची ऐट होती.

अशात ती आली. केनवडची. सहा वर्षांपासून प्रबंध लिहीत होती आणि मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. आता महिनाअखेरीस प्रबंध जमा झाला नाही तर सगळंच संपणार होतं. तिचे मार्गदर्शक निवृत्त होऊन पुण्याला लेकाकडं गेलेले, फोन उचलला तर उचलला. तिचे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आणि ती लहानपणी त्यांच्या मागं गेलेली होती. विषय तोच घेतला होता तिनं. तालुक्यातल्या गावोगावी फिरून, ज्या बाया हंगामाला बाहेर जातात त्यांना विचारलं होतं, निघताना बोचक्यात काय बांधता आणि मागं काय ठेवता? सगळं हातानं वह्यांत लिहिलेलं होतं. मला पडताळून पाहता यावं म्हणून त्या वह्याही तिनं माझ्या टेबलावर आणून ठेवल्या.

मी प्रबंध टाकला आणि यंत्रानं दोन टक्के दाखवले. ते दोनही संदर्भयादीतले. बाप्पा! इतक्या वर्षांत असा आकडा मी पाहिला नव्हता. मग बसून अख्खा प्रबंध वाचला, आणि हेही इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. एका जागी तिनं लिहिलं होतं : ‘घरात नेण्यासारखं काही नसतं, तरी बाई दाराला कुलूप लावते आणि किल्ली पदराला बांधून नेते. हे चोरांच्या भीतीनं नाही. कुलूप दिसलं की गाव समजतं, हे लोक येणार आहेत. ज्यांना परत यायचं नसतं ते नुसती कडी लावून जातात.’ हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. आपण वीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं आणि याच रस्त्यानं आलो-गेलो, पण एक कुलूप आपल्याला दिसलं नाही, असं वाटलं. तिचा हेवाही वाटला थोडा.

आणि भीती वाटली. टायपिंग सेंटरवाल्याच्या हातात जे गेलं ते चार जणांच्या प्रबंधात निघायचं, हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. ही पोरगी छपाईला तिथंच जाणार होती. फाइल टाकताना यंत्र विचारतं, हे लिखाण साठवायचं की नाही? कच्च्या तपासणीत मी कायम ‘नाही’ म्हणायचो, त्यात अवघड काही नाही, एक खूण करायची असते. तिच्या वेळी मी मुद्दाम ‘साठवा’ केलं. यंत्रात एकदा साठलं की मागून कोणी उचललं तरी पकडला जाणार, हा माझा हिशेब. तिला मोठ्या रुबाबात सांगितलं की आता तुझं लिखाण कोणी चोरूनच दाखवावं. ती हसली, बरं झालं सर म्हणाली आणि चारच्या जीपनं गावी गेली.

एवढी वर्षं ते यंत्र वापरणाऱ्या मला, अक्कल गहाण टाकलेल्या मला, एक गोष्ट सुचली नाही. यंत्राला मालक कळत नाही. त्याला फक्त आधी कोण आलं ते कळतं.

पंधरा दिवसांनी तिनं विद्यापीठात प्रबंध जमा केला. तिथं तपासणीत चौऱ्याण्णव टक्के निघाले. सगळे एकाच जागेवरून. खाली लिहिलेलं, विद्यार्थ्याचे लेखन, आणि पुढं आमच्या कॉलेजचं नाव. कोणता विद्यार्थी ते यंत्र सांगत नाही. तिनं तिथं सांगितलं की ती फाइल तिचीच आहे. ते म्हणाले, तसं कॉलेजनं लिहून द्यावं. विद्यापीठाचं पत्र कॉलेजला आलं, सदर लेखन कोणाचं आणि यंत्रात कसं आलं, आठ दिवसांत कळवा.

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडतील म्हणून मी तयारीनं गेलो होतो, तर त्यांनी चहा मागवला. शांतपणे समजावून सांगितलं की फाइल तिची होती असं लिहिलं तर ती कोणी टाकली, का टाकली, हे निघेल. मग आजवर किती टाकल्या हे निघेल, आणि चौकशी लागली तर ती एका फाइलवर थांबत नसते. उत्तर त्यांनी टाइप करूनच ठेवलं होतं. सदर लेखनाबाबत ग्रंथालयाकडे कोणतीही नोंद आढळून येत नाही. खाली सहीची जागा माझी.

“जूनचा आदेश माह्याच सहीनं निघते ना, सर?” एवढंच ते म्हणाले, तेही माझ्याकडं न पाहता.

घरी बारावीतली लेक होती, आणि माझं वय दुसरीकडं कोणी उभं करील असं राहिलं नव्हतं. ही कारणं खरी आहेत. पण सही करताना ती माझ्या मनात होती असं मी म्हणणार नाही. मनात काहीच नव्हतं, भीती होती नुसती. मी सही केली आणि चहा संपवला. पूर्ण कप संपवला, हे मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी ती आली. तिला सहीचं माहीत नव्हतं. म्हणाली, सर, फाइल माहीच होती एवढी एक ओळ लिहून द्या, तुमच्यावर काही येत असंल तर तुमचं नाव मी घेत नाही. मी म्हटलं, पाहतो. ती तीन दिवस सकाळच्या जीपनं येऊन ग्रंथालयातल्या बाकावर बसली. मी ते तीन दिवस तासावर तास घेतले, दुसऱ्यांचेही घेतले. पोरंही चक्रावली की सरांना झालं काय. मधल्या सुट्टीत मी मागच्या दारानं जायचो.

त्यानंतर आठवडाभर ती आली नाही. आली तेव्हा तिच्याजवळ विद्यापीठाचं पत्र होतं. नोंदणी रद्द. सोबत आमच्या उत्तराची प्रत, त्यावर माझी सही. काय आलंय ते तिनं दोन शब्दांत सांगितलं, पण पत्र माझ्यापुढं धरलं नाही, पिशवीतच ठेवलं. वह्या तेवढ्या मागितल्या. मी कपाटातून काढून दिल्या. तिनं एकेक उघडून पाहिली, पानं जागेवर आहेत की नाही ते पाहिलं आणि रुमालात बांधल्या.

मी काहीतरी बोलायला गेलो, बहुतेक परिस्थिती वगैरे. तिनं बोलू दिलं नाही.

“मायनं इचारलं मले, कोनाचं चोरलं व तू?” ती म्हणाली. “म्या काय सांगू तिले, सर? माह्यंच चोरलं म्हनू?”

आवाज चढवला नाही तिनं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बोचकं काखेत घेऊन पायऱ्या उतरून गेली आणि मी खुर्चीत बसून राहिलो, कारण पुढचा प्रबंध तपासायचा होता.

जूनमध्ये माझा आदेश निघाला. त्याच्या पुढच्या जूनमध्येही निघाला.

मागच्या हिवाळ्यात एकाचा प्रबंध माझ्याकडं आला. कच्ची तपासणी आता बंद आहे, विद्यापीठाआधी कॉलेजचा दाखला लागतो असा नवा नियम निघाला आहे, हा त्यासाठी रीतसर आलेला. नऊ टक्के. नियमात बसत होता. सवयीनं मी जुळलेला भाग उघडला. यंत्र तेवढ्या ओळी गुलाबी करून दाखवतं. घरात नेण्यासारखं काही नसतं, तरी महिला दाराला कुलूप लावते. ‘बाई’ची ‘महिला’ झाली होती, बाकी तेच. खाली मूळ लेखन कोणाचं, तर विद्यार्थ्याचे लेखन, आमचं कॉलेज. छपाईतून असो की कुठूनही, टायपिंग सेंटरपर्यंत ते पोचलंच होतं, आणि मी तिची फाइल ज्याच्यासाठी साठवली होती त्या चोराला यंत्रानं बरोबर पकडलंही होतं. पण नऊ टक्के माफ असतात. मी दाखल्यावर सही केली. न करायला माझ्याकडं नियम नव्हता.

त्या आठवड्यात मी विद्यापीठाला पत्र लिहिलं. हातानं लिहिलं, टाइप करायला कोणाकडं गेलो नाही. ती फाइल तिची होती, मी टाकली होती, उत्तर खोटं दिलं होतं, सगळं लिहिलं. मुदत केव्हाच संपली होती, त्या पत्रानं तिची सहा वर्षं परत येणार नव्हती, हे मला कळत होतं. पण तिच्या आईला दाखवायला एक कागद तरी होईल. धाडण्याआधी तिला वाचून दाखवावं असं ठरवलं आणि रविवारी जीपनं केनवडला गेलो. ऊसतोडीचा हंगाम होता. घरी कोणी नसणार, कुलूप असणार, हे धरूनच गेलो होतो. शेजारी कोणाकडून फोन नंबर मिळाला तरी पुष्कळ होतं.

गल्लीत एक बाई दारात तूर निवडत बसली होती. तिला घर विचारलं तर तिनं सुपातला हात न काढता मानेनं समोरचं दाखवलं. मातीचं घर, वर टिनपत्रे, हिरवं दार. दाराला नुसती कडी होती. वाऱ्यानं उघडू नये म्हणून तिच्यात तारेचा एक तुकडा पिळून घातला होता, आणि तार गंजलेली होती.

बाई सांगत होती, कधी गेले, पोरीनं वह्या चुलीत घातल्या, मायबाप नको म्हणत होते, मग सगळेच गेले. मी पत्र खिशातून काढलं नाही. तिनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, काही निरोप ठेवून जाता काय? आले तर सांगते.

मी नको म्हटलं. मी तो प्रबंध वाचलेला होता.