'कोपरी' सापडत नाही

वागळे इस्टेटमधल्या त्या कारखान्याची तक्रार आठवली की आजही हसू येतं. त्या दिवशी मात्र एका बाईंवर गुन्हा दाखल व्हायची वेळ आली होती.

मी तेव्हा त्या हद्दीत वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी जेमतेम आटोपली आणि कारखान्याचे मालक घामाघूम होऊन पोलीस ठाण्यात आले.

"साहेब, काल नोकरी सोडून गेलेल्या आमच्या ऑपरेटर बाईने बिलाचं सॉफ्टवेअर बंद पाडलंय. माल भरलेले ट्रक गेटवर अडकलेत. वर स्क्रीनवर स्वतःचा पत्ता टाकून मला चिडवतेय!"

त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. इंग्रजीत संदेश होता: 'कोपरी' सर्व्हर सापडत नाही.

बाई राहायच्या कोपरीतच. इतका आयता पुरावा मी क्वचितच पाहिला होता.

त्यांना बोलावून घेतलं. चौकशीला सायबर विभागाच्या महिला उपनिरीक्षक बसल्या.

"सर्व्हरचा पासवर्ड बदललात?"

"बदलला. सरच म्हणाले, चिन्हबिन्ह टाकून कडक पासवर्ड ठेव. निघताना त्यांना सांगूनही आले."

"बरोबर सांगितलात?"

"टाकून बघा ना! सोमवारपासून माजिवड्याला नवीन नोकरी आहे माझी. गुन्हा नोंदवलात तर तीही जाईल."

बोलताना त्यांची नजर खाली गेली नाही. खोटं बोलणारा सहसा स्वतःहून 'तपासा' म्हणत नाही.

आम्ही सगळे कारखान्यात गेलो. पासवर्ड थेट सर्व्हरवर हाताने टाकला, तो लगेच उघडला. तोच बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरला, तर पुन्हा कोपरी!

उपनिरीक्षकांनी पासवर्ड मोठ्याने वाचला, "सुखी, ॲट द रेट, कोपरी," आणि त्या हसायलाच लागल्या.

"साहेब, या सॉफ्टवेअरला ॲटचं चिन्ह दिसलं की पुढचं सगळं सर्व्हरचा पत्ता वाटतं. सकाळपासून ते कोपरी नावाचं मशीन शोधतंय."

"मग आरोपी कोण?"

"ते चिन्ह!"

चिन्ह काढून पासवर्ड बदलला, बिलं निघाली, ट्रक सुटले. मालकांनी तक्रार मागे घेतली आणि ओशाळून माफी मागितली.

पुरावा फारच सोयीचा असला, तर तो आधी स्वतः तपासून पाहायचा, हे मी त्यानंतर हाताखालच्या प्रत्येक अधिकाऱ्याला सांगत आलो.

बाई निघाल्या तेव्हा मालकांनी अजिजीने विचारलं, "मॅडम, हाही पासवर्ड आता सगळ्यांनी ऐकलाय. नवीन काय ठेवू?"

"काहीही ठेवा सर," पर्स खांद्याला लावत त्या म्हणाल्या, "फक्त मला सांगू नका."