हसू मात्र मागू नकोस

ऐका ना, हे आत्ताच सांगितलं नाही तर माझं पोट दुखेल! इथे आखातात आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी उमेदवार ठरवतानाच आमच्या गटात जाम भांडणं झाली. सनाबिस भागात चहाच्या टपरीवर रोज दिसणारे एक काका ज्यांच्या बाजूने होते, ते इच्छुक गटातल्या निवडीतच हरले. आता काकांची माणसं रुसून घरी बसली तर समोरच्या गटापुढे आम्ही खलास!

मतदानाला काका लांबच्या हमद टाउनहून गाडी भरून माणसं घेऊन आले. मी ओरडलेच, "काका, एक सेल्फी!"

"मत देतो, माणसं आणतो. हसू मात्र मागू नकोस, पोरी."

गाडीच्या काचेवर त्यांच्या हरलेल्या उमेदवाराचा फोटो तसाच होता.

आम्ही जिंकलो. पण नाचताना मला काकांचं ते न हसणारं तोंडच दिसत होतं. तुम्ही दिलंय कधी असं मत?