डँडेनॉन्गची देवी

गेल्या रविवारी मी भर आर्ट गॅलरीत एका चित्राला हात जोडले... आणि माझी आठ वर्षांची लेक लाजून दोन पावलं मागे सरकली. "बाबा, स्टॉप! एव्हरीवन इज लुकिंग."

काय करणार... ओळखीची बाई भेटली होती.

२००८ साली इथे परदेशात, डँडेनॉन्ग नावाच्या उपनगरातल्या एका भाड्याच्या घरात आम्ही पाच स्टुडंट राहायचो. त्या वर्षी सांगलीत आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ऐन नवरात्रात ती अंथरुणावर. बाबा आधीच गेलेले, मी एकुलता. "तूच बसव रे घट तिथे, खंड नको पडायला," एवढंच ती फोनवर म्हणाली.

गहू फॉस्टर स्ट्रीटच्या इंडियन दुकानात मिळाले, माती बॅकयार्डात. देवीचा फोटो मात्र मी साफ विसरलो, आणि ते लक्षात आलं घट बसवायच्या सकाळी!

तेवढ्यात आमचा साताऱ्याचा मंदार फुटपाथवरून एक फ्रेम उचलून घेऊन आला. कुणीतरी टाकायला काढलेली. "केसांत फुलं, पाय अनवाणी, डोळे मिटलेले... देवीच आहे, लाव कुंकू!" आम्ही सगळे अकाउंटिंग आणि कुकरी शिकणारे, आम्हाला चित्रातलं काय कळतंय? जरा गोरी वाटली, पण म्हटलं, इथली देवी अशीच असणार.

अखंड दिव्याजवळ बसायला आम्ही चक्क रोस्टर लावला. युनीची लेक्चर्स आणि फॅक्टरीच्या शिफ्टमधून जो मोकळा, तो तेल घालणार. गहू असे तरारून आले म्हणून सांगू... वेबकॅमवर आईला दर्शन घडवलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग तिने हात जोडले.

आणि रविवारी तीच समोर, भिंतभर! खाली पाटी, 'स्प्रिंग'. शंभरएक वर्षांपूर्वी कुणा सिम्बॉलिस्ट चित्रकाराने वसंत ऋतूला बाईचं रूप दिलेलं. म्हणजे आईचा इतक्या वर्षांचा कुळाचार मी मोडला होता...

घरी येऊन घाबरत घाबरत तिला फोन केला, सगळं सांगून टाकलं. ती हसायलाच लागली. "अरे, मला तेव्हाच कळलं होतं. ना हातात शस्त्र, ना वाहन..."

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती वाळला होतास रे तेव्हा. म्हटलं, कोण का असेना, बाईमाणूस आहे. तिलाच सांगितलं, बाई, माझ्या पोराकडे लक्ष दे."

फोनवर एक सांगायचं राहिलंच... म्हणून इथे लिहितो.

आई, तिने लक्ष दिलं गं.